मागून जळणारी गाडी

माझा साडू सुरेंद्र याने आपल्या एस्टीम गाडीला मागच्या बाजूला टर्बो बसवला, ही बातमी मला माझ्या बायकोने दिली. तीही मी जेवत असताना, पहिला घास तोंडात असताना. रीताला अशा वेळा बरोबर साधतात. "चंद्रपुरात लोक पाहाले येऊन राह्यले म्हणे," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. मला भात नको होता.

मी धानोऱ्याचा मुखरू मिस्त्री. जंगलातून मोह, हिरडा, डिंक घेऊन येणाऱ्या अर्ध्याअधिक गाड्या माझ्या हातून गेल्या आहेत. माझी स्वतःची मॅटाडोर आहे, तिला मी दोनदा मरणातून उठवली आहे. सुरेंद्र माझ्या मेहुणीचा, रोशनीचा नवरा. चंद्रपुरात त्याचं गॅरेज आहे, भिंतींना रंग आहे, गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची आहे. खुर्ची ठेवल्याने इंजिन चांगलं होतं का? पण आमच्या सासुरवाडीला तेवढं पुरतं.

टर्बो म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नाही. इंजिनाचा धूर बाहेर पडतो, त्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो पंखा हवा दाबून परत इंजिनात कोंबतो आणि गाडी पेटल्यागत पळते. हे सगळं इंजिनाजवळ असतं. सुरेंद्रच्या गाडीच्या बॉनेटखाली बोट घालायला जागा नाही. म्हणून या पठ्ठ्याने अपघातात गेलेल्या एका डिझेल गाडीचा टर्बो काढला आणि मागे, डिकीच्या खाली, सायलेन्सर काढून तिथे टांगला. तिथून हवेचा लांब पाइप पुढे इंजिनापर्यंत आणला. तेल मागे न्यायला एक नळी, ते परत आणायला एक छोटा पंप. डोकं चालवलं होतं, नाही म्हणत नाही. हे मला सुचलं असतं तर मी महिनाभर कोणाशी दुसरं काही बोललो नसतो.

मला सुचलं नाही. मग मी वर्षभर त्याचं वाईट भाकीत करत राहिलो. आधी म्हणालो, तेल परत येणार नाही, आठवड्यात धूर काढेल. नाही काढला. मग म्हणालो, एवढ्या लांबून हवा जाते, गाडीला दमच येणार नाही. वरोऱ्याच्या रस्त्यावर त्याने कोणा ठेकेदाराच्या नव्या गाडीला मागे टाकल्याची बातमी आली. मग म्हणालो, इंजिन फुटेल. नाही फुटलं. माझ्या प्रत्येक बोलण्यानंतर रीता माझ्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या साली, म्हणजे दोन हजार चार साली, अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना. जावयांना बोलावून अनारशांचं वाण द्यायचा. मूल गावाजवळ आमची सासुरवाडी, तलावकाठचं धिवरांचं, म्हणजे मासे धरणाऱ्यांचं गाव. सासरे लटारूमामा गावच्या तलावाचे म्होरके. याच दिवसांत तलावात मासोळीचं बीज सोडतात. बीज म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही लहान पिल्लं. नदीपलीकडच्या बीज केंद्रात ती प्लास्टिकच्या पिशव्यांत पाणी आणि हवा भरून देतात. वेळेत आणली तर जगतात. ती जगली तर वर्षभर गावाच्या जाळ्यात मासोळी.

लग्न झाल्यापासून ते बीज मी आणत होतो, माझ्या मॅटाडोरमधून. आणि मामांच्या घरची एक रीत होती, जो बीज आणेल त्यानेच पहिली पिशवी तलावात सोडायची. सगळं गाव तलावाच्या पाळीवर, बांधावर उभं असायचं. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पिशवीची गाठ सोडायचो आणि सासूबाई पाळीवरून म्हणायच्या, "आमच्या मोठ्या जवाईबापूचा हातगुण चांगला हाय." मला माझ्या आईनेसुद्धा कधी असं काही म्हटलं नव्हतं. वर्षातून एकदा ते ऐकायला मी मॅटाडोरचं पासिंग करून घेत होतो असं समजा.

आम्ही दोघेही साडू एकाच दिवशी पोचलो. मी दुपारी, घामाने निथळत. तो संध्याकाळी, शिट्टी वाजवत. टर्बोची शिट्टी, वळणावरून ऐकू येणारी. गाव गोळा झालं. लटारूमामा, जे माझ्या गाडीत बसताना नेहमी पाठ दुखते म्हणतात, ते लगेच पुढच्या सीटवर बसले आणि तलावाला फेरी मारून आले. उतरले तेव्हा त्यांचे केस मागे उडालेले होते आणि चेहरा दहा वर्षांनी लहान. सासूबाई भागीरथाबाई, त्यांनी दोघांनाही सारखंच वाण दिलं, सारखेच अनारसे. पण त्याच्या अनारशांवर तूप जास्त होतं. मी बघितलं आहे.

सगळे आत गेल्यावर मी बाहेर राहिलो. चप्पल गाडीखाली सरकली असं मनाशीच ठरवलं आणि वाकून आत शिरलो. बघायचं होतं, एवढंच. वेल्डिंग सरळ होतं. पाइपाचा वळसा इतका नेटका होता की माझं पोट खरोखर दुखलं. अंधारात आणखी जवळ गेलो, आधाराला हात वर केला आणि तळहात थेट त्या टर्बोच्या बिडावर, ओतीव लोखंडावर टेकला.

ओरडलो नाही. ओठ दाताखाली धरला. फेरी मारून आल्याला बराच वेळ झाला होता तरी ते बीड चुलीवरच्या तव्याएवढं तापलेलं होतं. त्याच्या वर डिकीचा पत्रा, मधे वितीएवढी मोकळी जागा आणि आड काहीच नाही. डाव्या हाताने पत्रा चाचपला. तोही गरम. बाहेर आलो तेव्हा तळहाताला फोड धरायला लागला होता. आत जाऊन मी त्याच हातात अनारसा धरून बसलो, म्हणजे कोणी हात बघणार नाही.

आणि तेव्हाच मामांनी काढलं. यंदा बीज सुरेंद्रच्या गाडीतून आणू. अर्ध्या वेळात येईल, पिल्लं दमणार नाहीत. पिशव्या डिकीत ठेवू, कारण बिजाला ऊन सोसत नाही आणि डिकीत तर अंधारच अंधार. धिवराच्या डोक्याने बघाल तर ते बरोबरच होतं. जन्मभर ते बिजाला उन्हापासून जपत आले होते. ऊन वरून येतं हे त्यांना ठाऊक होतं. खालूनही येऊ शकतं हे कोणाला ठाऊक असणार? सुरेंद्रला असायला हवं होतं. पण तो सासऱ्यांनी खांद्यावर ठेवलेल्या हाताकडे बघत होता.

मी बोललो. हे नीट ऐकून ठेवा, मी बोललो. "मामाजी, त्या गाडीचं मागून जळते. बीज मरन."

मग रीता, माझी स्वतःची बायको, ताटं उचलता उचलता म्हणाली, "गाडीचं नाई जळत, तुमचं जळते."

सगळं घर हसलं. मामा हसले, रोशनी पदरात हसली. सुरेंद्र हसला नाही, त्याने मान खाली घातली, आणि ते मला जास्त झोंबलं. मोठेपणा दाखवत होता. "भाऊ, मी पाण्यानं भिजवलेले पोते टाकतो ना खाली," तो म्हणाला. ओल्या पोत्याने काय होतं! तेव्हा मी मूठ उघडून दाखवायची होती असं तुम्ही म्हणाल. फोड दाखवला असता तर सगळे गप्प बसले असते. आणि मग विचारलं असतं की मुखरू, तू त्याच्या गाडीखाली शिरलाच काऊन? त्या हसण्यावर हे आणखी? मी मूठ बंद ठेवली. तोंडाने सांगितलं होतं. जावयाच्या शब्दाला तेवढी किंमत असावी की नाही?

सकाळी ते दोघे गेले, मामा आणि सुरेंद्र. मी मॅटाडोरला टेकून उभा होतो. शिट्टी वळणापलीकडे गेली. दिवसभर मी घरात कोणाशी धड बोललो नाही आणि कोणाला ते जाणवलंही नाही. आपण चुकलो तर बरं असं मला एकदाही वाटलं नाही. बीज मरू नये असं वाटत होतं आणि माझं खरं ठरावं असंही वाटत होतं, आणि ही दोन्ही एकत्र जमत नाहीत हे कळायला मला शाळेत जायची गरज नव्हती.

परत आले ते खरंच लवकर आले. गाव पाळीवर जमलं होतं. सुरेंद्रने ऐटीत डिकी उघडली आणि आतून वाफ आली. पोती सुकून कडक झाली होती. खालच्या दोन पिशव्या वितळून पत्र्याला चिकटल्या होत्या. बाकीच्या पिशव्यांत बीज वर तरंगत होतं, पांढरं, शिजलेल्या कण्यांसारखं. मामांनी एका पिशवीत हात घातला आणि काढून घेतला. आंघोळीचं पाणी असावं तसं ते पाणी होतं, हे मला पुढे त्यांनीच सांगितलं.

मी वाट बघत होतो. कोणीतरी म्हणेल, मुखरूने सांगितलं होतं. एकाने तरी. सुरेंद्र पाळीवर बसला, डोकं गुडघ्यांत घातलं, आणि रडला. मोठा बाप्या माणूस, सगळ्या गावासमोर. आणि काय सांगू तुम्हाला, सासूबाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. रीताने त्याला चहा आणून दिला. गावाचं बीज उकडून टाकलं त्याने आणि चहा त्याला! मी खरं बोललो होतो, माझ्या पाठीवरून कोणी हात फिरवला नाही. मी जन्मात इतका जळलो नव्हतो जितका त्या पाळीवर जळलो.

मग मामा माझ्याजवळ आले. "जवाईबापू, केंद्रात शेवटचं बीज उद्याच भेटन. मॅटाडोर काढा."

बस. एवढ्याने माझं सगळं निवलं. मी दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच निघालो. सुरेंद्र न विचारता मागे चढला. येताना तो मागच्या हौद्यात पिशव्यांमध्ये बसला, खड्डा आला की दोन्ही हातांनी त्यांना आवरायचा, पोत्यांवर पाणी शिंपडायचा. आरशात मला तो दिसत होता. त्याचा शर्ट चिंब झाला होता. मला त्याची थोडी दया आली आणि ते मला फार आवडलं.

तलावावर पोचलो तेव्हा पुन्हा गाव जमलं होतं. मी पाण्यात उतरलो. मामा माझ्या बाजूला. पिशव्या आधी तशाच बांधलेल्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या असतात, आतलं पाणी आणि तलावाचं पाणी सारखं होईपर्यंत. पहिली पिशवी माझ्या दोन्ही हातांत होती. आत बीज वळवळत होतं, जिवंत. पाळीवर सासूबाई उभ्या होत्या. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं.

गार पाण्याने हाताला बरं वाटलं, म्हणून मी तळहात उलटा केला. फोड फुटून कातडी सुटली होती. मामांनी माझं मनगट धरलं.

"हे कायचं?"

"सायलेन्सरचं," मी म्हणालो.

"कवाचं?"

खोटं पटकन सुचत नाही मला. "परवाचं."

परवा माझी मॅटाडोर दुपारपासून त्यांच्या दारात थंड उभी होती. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग पाळीवर उभ्या असलेल्या एस्टीमच्या मागच्या बाजूकडे पाहिलं. जाळ्याची गाठ तपासावी तसा त्यांनी माझा तळहात अंगठ्याने हळूच चाचपला. रागावले असते तर मी भांडलो असतो. मी सांगितलं होतं, असं ओरडून म्हणालो असतो. त्यांनी फक्त माझं मनगट सोडलं.

"सुरेंदर," त्यांनी हाक मारली, "इकडं ये. पयली पिशवी तू सोड."

सुरेंद्र पाण्यात उतरला. तो नको नको म्हणत होता, भाऊंनी आणलं आहे म्हणत होता. मामांनी ऐकलं नाही. मी पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने लगेच गाठीला हात घातला. मी त्याचं बोट धरलं.

"थांब. पाणी सारखं होऊ दे. घाई केली का मरते."

तो थांबला. आम्ही तिघे कमरेएवढ्या पाण्यात एका पिशवीभोवती उभे राहिलो. मग त्याने मला विचारलं, "भाऊ, आता सोडू?" मी म्हणालो, सोड. त्याने गाठ सोडली. बीज आधी घोळक्याने थबकलं आणि मग पांगलं, एकूण एक जिवंत.

पाळीवरून सासूबाईंचा आवाज आला, डोळे पुसता पुसता म्हणाल्या असाव्यात. "आमच्या सुरेंदरचा हातगुण चांगला हाय."

मी माझा हात पाण्याखालीच ठेवला.