दिराकडचा अ‍ॅम्प्लिफायर

वहिनी कपडे वाळत घालत होत्या, तेवढ्यात दिराचा फोन आला.

"वहिनी, इंटरनेटवर चालणारा नवा सेट-टॉप बॉक्स आणलाय. टीव्हीवर चित्र झकास दिसतंय, पण दादाच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाजच येत नाही. जरा येऊन बघता का?"

दादाचा अ‍ॅम्प्लिफायर! वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याला जाऊन आठवडा झाला नव्हता, तोच हे महाशय टेम्पो घेऊन हजर. 'तुम्हाला कशाला हे धूड? तुम्हाला काय कळणार त्यातलं?' असं म्हणून अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर उचलून घेऊन गेले. वहिनींना तेव्हा रडण्यातून सवड नव्हती. खरं तर त्या धुडाची एकेक तार त्यांनीच नवऱ्याशेजारी फरशीवर बसून जोडली होती. त्यांना ते परत हवं होतं, पण मागून नाही.

निघताना त्यांनी ड्रॉवरमधली काडेपेटीएवढी डबी पर्समध्ये टाकली. नव्या टीव्हीचा आवाज जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला कळेल असा करून देणारी डबी. द्यायची की नाही, ते तिथे गेल्यावर बघू, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. तेवढी माणुसकी त्यांच्यात अजून शिल्लक होती.

दिराच्या हॉलमध्ये अ‍ॅम्प्लिफायरवर कुंडी ठेवलेली होती. कुंडीतलं पाणी झिरपून झाकणावर गंज चढला होता. नवरा ज्या झाकणावर चहाचा कप टेकू द्यायचा नाही, त्यावर कुंडी! वहिनींचा निर्णय तिथेच झाला.

त्या टीव्हीमागे वाकल्या, बॉक्स उलटा करून पाहिला, बराच वेळ हं-हं केलं.

"भाऊजी, अ‍ॅम्प्लिफायरला लागते लाल-पांढऱ्या पिनांची वायर. तुमच्या बॉक्सला ती जागाच नाही. टीव्हीलाही नाही."

एक अक्षर खोटं नव्हतं.

"म्हणजे हे भंगारच की!" दीर म्हणाला. "बायको कधीची मागे लागलीये, जागा अडवतंय म्हणून. वहिनी, नेता का तुम्ही?"

"न्यायला हरकत नाही. पण माझ्याच्याने उचलणार नाही."

मग दिरानेच एकेक नग जिन्यावरून खाली आणला, घामाघूम होऊन. वहिनी हात बांधून उभ्या होत्या. शेवटचा स्पीकर वहिनींच्या गाडीत ठेवताना तो थांबला. "दादा मला याला कधी हात लावू द्यायचा नाही," तो हळूच म्हणाला. "म्हणून नेला होता."

वहिनींचा हात पर्सकडे गेला. मग कुंडी आठवली, आणि त्यांनी डिकी धाडकन लावली.

संध्याकाळी स्वतःच्या टीव्हीला डबी लावून वहिनींनी गाणं सुरू केलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. त्यांनी दिराला फोन लावला आणि न बोलता स्पीकरसमोर धरला.

"वहिनी, हा... हा तोच?"

"तोच."

"पण तुम्ही तर म्हणालात, जागा नाही!"

"नाहीच. मध्ये एक डबी लागते. दुपारी पर्समध्येच होती माझ्या."

मग दीर बारीक आवाजात म्हणाला, "जरा ऐकू द्या ना, वहिनी. फोन ठेवू नका."

वहिनींनी फोन ठेवला आणि आवाज आणखी वाढवला.