अण्णांच्या गाडीचं बॉनेट

माझ्या नाकावर राग असतो, असं लोक म्हणतात. नाकावर असता तर केव्हाच शिंकरून टाकला असता. माझा राग हातात आहे. माझं लग्न या हातानेच मोडलं, आणि गेल्या खंडेनवमीला अण्णांचं मनगटही.

खंडेनवमी म्हणजे इथल्या कन्नड मुलखातली आयुधपूजा, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची. त्या दिवशी चामराजपेटेत सायकलपासून लॉरीपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात हार पडतात, चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडीवरून ओवाळलेला कोहळा रस्त्यावर फोडतात. आमच्या घरात कोहळा फोडायचा मान धाकट्या भावाचा. थोरले भाऊ वासुदेवराव, आमचे अण्णा, वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. त्यांची काळी गाडी पुढच्या अंगणात असते. ती आल्यापासून दरवर्षी कोहळा मीच फोडला. गेल्या वर्षी अण्णांनी तो होणाऱ्या जावयाच्या हातात दिला. ध्रुव त्याचं नाव. पुण्याचा, महादेवपुऱ्यात कंप्युटरवर कसलंसं काम करतो. त्याने तो कोहळा असा धरला होता की जणू कुणाचं तान्हं पोर.

"अण्णा, हे काय?" मी विचारलं.

"स्वल्प बाजूला हो, रघू. या वर्षी तो फोडेल."

सगळी गल्ली बघत होती. तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या पोराच्या हातातून कोहळा हिसकावला आणि रस्त्यावर नाही, थेट बॉनेटवर आपटला. आतलं कुंकू, हळद, चुना सगळं काळ्या रंगावर उडालं. धनलाभासाठी आत घातलेली नाणी टणटणत खाली पडली. आश्लेषा, अण्णांची मुलगी, रडायला लागली.

माझं असं आहे, राग जसा येतो तसा पश्चात्तापही येतो, आणि तोही तेवढ्याच जोरात. हाताशी नुकत्याच सोललेल्या नारळाचा काथ्या होता. तोच घेतला आणि बॉनेट खसाखसा पुसायला लागलो. चुन्याची कच काथ्यात, काथ्या रंगावर. आपटलं मी एकदाच, पण पुसताना हजार ओरखडे काढले.

"अरे थांब, रंग जातोय!" अण्णा माझा दंड धरून ओढू लागले. मी झटका दिला. ते पायरीवर पडले, उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. फार मोठा नसतो तो.

अण्णा एकोणसत्तर वर्षांचे. मनगट जुळलं, पण वाकडं. ते आता डाव्या हाताने चमच्याने जेवतात. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. जिन्यात समोर आलो तर भिंतीला लागून उभे राहायचे आणि मी गेलो की मग पुढे व्हायचे. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी पाया पडलो असतो. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो, मला शाळेत खांद्यावर बसवून नेणारा हा माणूस. त्यांच्या तोंडून 'रघू' ऐकायला मी अकरा महिने तळमळलो.

गेल्या महिन्यात कावेरीवैनी खाली आल्या.

"गाडी गॅरेजला द्या म्हटलं तर देत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणतात, ज्याने केलंय तो करेल. रघू, तू तुझ्या हातांनी ते ओरखडे काढ. खंडेनवमीच्या आत काढ. मग मी त्यांना तुझ्यासमोर आणून बसवते. बोलायला लावते."

"नक्की, वैनी?"

"माझं मी बघते. तू बॉनेट बघ."

दुसऱ्याच दिवशी मी जेसी रोडला गेलो, पॉलिश करायचं मशीन घ्यायला. एका बोळात धनलक्ष्मी नावाच्या बाईंचं दुकान आहे, रंगाचं आणि पॉलिशचं सामान. बाई पन्नाशीच्या, पदर खोचलेला, नखांत कायमचं काळं. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "आधी कधी चालवलंय, सार?"

"राजाजीनगरच्या कारखान्यात पंचवीस वर्षं लेथवर आहे मी."

"लेथ सोडा. हे चालवलंय?"

त्यांनी दोन मशीनं काढून ठेवली आणि गाडीचा एक जुना दरवाजा टेबलाला टेकवून उभा केला. पहिल्या मशीनची चकती फिरायची आणि फिरता फिरता डुलायचीही. एका जागी रंग तापत नाही, नवशिक्याने हेच घ्यावं, असं त्या म्हणाल्या. चकतीच्या कडेला त्यांनी पेनने एक काळी रेघ मारली. "ही रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली, तर तुम्ही जास्त दाबताय."

मी दरवाज्यावर मशीन टेकवलं आणि दाबलं. रेघ थांबली. सैल केलं, फिरली. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबली.

"बिघडलंय हे," मी म्हणालो.

"मशीन नाही बिघडलेलं, सार."

मी त्या दरवाज्याला लाथ घातली. तो पत्रा करकरत फरशीवर आडवा झाला, शेजारचे दोन दुकानदार डोकावले. बाई हलल्या नाहीत. त्यांनी दरवाजा उचलून परत उभा केला, त्यावरची धूळ पुसली.

"आणि ते दुसरं?" मी विचारलं.

"ते रोटरी. नुसतं गरागरा फिरतं, कितीही दाबा, थांबत नाही. हात बसलेल्या माणसाचं मशीन आहे ते. कडेला रंग पातळ असतो, तिथे क्षणभर जास्त राहिलात की जाळून टाकेल."

"मला तेच द्या."

"बेडा, सार, ते नको. आधी हे शिका. दोन वर्षांनी या, ते मी स्वतः देईन."

"विकायचंय की नाही तुम्हाला?"

"सरी, तुमची मर्जी," बाई म्हणाल्या आणि रोटरी खोक्यात घातलं. कडांवर चिकटवायला कागदी पट्टी पुढे केली, तीही मी घेतली नाही.

आता खरं सांगतो. लेथवर मी कधी रागावत नाही. लोखंडाच्या तुकड्यावर केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा सांभाळतो आणि पोरांना सांगतो, घाई करू नका. हे सगळं शहाणपण कारखान्याच्या गेटवर राहतं. त्या दुकानात मला कळत होतं की बाई बरोबर बोलतायत. पण दाबल्यावर जे थांबतं ते मशीन मला माझ्या तोंडावर शिकवायला बसल्यासारखं वाटलं, आणि मला कुणी शिकवलेलं खपत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा.

परवाच्या रविवारी सकाळी दहाला मी अंगणात वायर ओढली. गाडी धुतली, बॉनेटवर पॉलिशच्या कंपाउंडचे ठिपके सोडले, मशीन सुरू केलं. पहिली दहा मिनिटं काय सांगू! ओरखडे विरत गेले, हातभर जागा काळीभोर झाली, त्यात माझा चेहरा दिसायला लागला. मी वर बघितलं. अण्णा कठड्याला टेकून उभे होते. बघत होते. मान जराशी हलली असं मला वाटलं.

मला इतका आनंद झाला की छातीत मावेना. आणि आनंदातही मी दाबतोच. बॉनेटच्या मधून जी उंच धार जाते तिच्यावर मशीन नेलं आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं. जळक्या प्लास्टिकचा वास आला. उचलेपर्यंत रंग गेला होता. आधी करडा डाग, मग खालचा पांढरट प्रायमर, तळहाताएवढा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मशीन उचलताना चकतीची कड वायपरमध्ये अडकली. वायपर उपटून उडाला, मशीन हातातून सुटलं, दिव्यावर आदळलं, काच फुटली, वायरचा फटका माझ्या नडगीवर बसला आणि प्लग भिंतीतून निघून आला. मग मात्र माझं मला भान राहिलं नाही. मी ते बंद पडलेलं मशीन दोन्ही हातांनी धरलं आणि बॉनेटवर घातलं. पत्रा आत गेला. पुन्हा घातलं. पुढच्या काचेवर घातलं, ती तडकली, आत कोसळली. आरसा उडवला. बोटं फाटली, रक्त काळ्या रंगावर पडत होतं, मला दुखत नव्हतं. वरून वैनी किंचाळत होत्या. मी काहीतरी ओरडत होतो. समोरच्या घरातले नंतर म्हणाले की मी "बोला, बोला ना" असं ओरडत होतो.

पाठीमागे पावलं वाजली. मी गर्रकन वळलो. मशीन डोक्यावर उचललेलं होतं, पुढचा घाव बॉनेटवर घालायला, दुसऱ्या कशासाठी नाही.

तीन पावलांवर अण्णा उभे होते. डाव्या हातात स्वच्छ पंचा होता. माझ्या हातातून रक्त वाहताना पाहून ते जिना उतरून आले होते, बांधायला. वैनींनी मला हे मागाहून सांगितलं. त्या क्षणी मला पंचा दिसलाच नाही. दिसलं ते एवढंच, की मी वळताच अण्णांचा वाकडा हात झपकन तोंडासमोर गेला, गुडघे वाकले, आणि एवढा उंच माणूस माझ्यासमोर आक्रसून लहान झाला.

"मारू नको रे, रघू," ते म्हणाले. "मारू नको."

अकरा महिन्यांनी अण्णा माझ्याशी बोलले.