कागदावर मी घरी आहे

मी शिलाई मशीन बोलतेय, पोलीस ठाण्यामागच्या मुद्देमालाच्या खोलीतून. माझ्या गळ्यात चिठ्ठी आहे, चाकाला लाखेचं सील आणि शेजारी चोरीच्या सायकली. कोंडमारा म्हणजे काय, ते मला विचारा.

माझ्या मालकीणबाई तोंडाने तिखट. त्यांच्याकडे काजं करायला एक बाई यायची, तिला सगळे काजवालीच म्हणत. तिचा पाय काय हलका पडायचा माझ्यावर! एकदा दोघींचं बिनसलं, तिला कामावरून काढलं आणि चार दिवसांनी तिने मला हातगाडीवर घालून नेलं. चुकलंच तिचं. लगेच पोलीस आले. मी इथे, ती कोठडीत. तिची लेक मात्र जेवायला मालकीणबाईंकडेच असायची. राग होता, पण पोरीवर कसला राग?

मग कायदा बदलला. पूर्वी अशा चोरीला सरळ तुरुंग होता. आता गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू मालकाला परत मिळाली असेल, तर तुरुंगाऐवजी काही महिने सार्वजनिक काम. म्हटलं, दोघी सुटलो गं बाई! कसलं काय. खटला संपल्याशिवाय मला सोडता येईना, आणि मी परत गेल्याशिवाय तिला नवा कायदा लागेना.

इथला कारकून मनाने चांगला. त्याने वाट काढली. वस्तू परत मिळाली अशी वहीत आत्ताच सही करा, निकाल लागला की मशीन घेऊन जा, म्हणाला. मालकीणबाईंनी माझ्यावर हात ठेवला आणि सही केली.

काजवाली सुटली. सकाळी सरकारी दवाखान्यातल्या फाटक्या चादरी शिवायची, दुपारी पुन्हा मालकीणबाईंकडे काजं. पुढच्या आठवड्यात दोघी मिळून हातगाडी घेऊन मला न्यायला आल्या. तोवर कारकुनाची बदली झाली होती. नव्या कारकुनाने वही उघडली.

"मशीन तुम्ही नेलीय. ही काय सही," तो म्हणाला.

"अहो, समोर उभी आहे ती."

"मग सही खोटी म्हणून लिहू? वस्तू परत मिळालीच नाही, असं होईल. हिची केस पुन्हा उघडेल."

मालकीणबाईंनी काजवालीकडे पाहिलं. एवढी तिखट बाई, पण वही स्वतःच मिटून ठेवली. रिकामी हातगाडी वळवली आणि गेल्या. मला फार रडू आलं, पण तेलच सुकलंय.

दोघींना कुणी भेटलात तर सांगा, मी रागावलेली नाही. आता इथून सुटायचं तर मला कुणीतरी चोरायलाच हवं. फक्त काजवालीने नको. कायद्यात सवलत पहिल्याच चोरीला आहे.