मागचं दार

लांबच्या कुठल्याशा शहरात एका शाळेत गोळीबार झाला आणि इथल्या आईबापांच्या तोंडचं पाणी पळालं. चिमणीच्या मामानं तर त्याच आठवड्यात गोळी अडवणारी, दप्तरात घालायची पाटी आणून बहिणीपुढे ठेवली.

"ताई, एक अक्षर बोलू नकोस. एकुलती एक भाची आहे माझी."

ताई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. बोलायची कमी, पण एकदा मनावर घेतलं की घेतलं. तिनं पाटी दप्तरात सरकवली आणि दप्तर चिमणीच्या पाठीवर चढवलं. पहिलीतलं पोर ते! सोफ्यावर मागे कलंडलं आणि तिथेच खिदळत बसलं.

मामाला हसू आलं नाही. ताईलाही नाही. ती बातमी तिच्याही डोक्यातून जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन ती शाळेत गेली. वर्ग वरच्या मजल्यावर होता. चिमणीनं दाराबाहेरची खुंटी दाखवली.

"इथे अडकव."

"आत नाही न्यायचं?"

"आत फक्त डबा आणि वही. दप्तरात पाय अडकून मुलं पडतात ना!"

म्हणजे पोर आत आणि पाटी बाहेर. ताईनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात तिची नजर व्हरांड्याच्या टोकाला गेली. मागच्या जिन्याच्या दाराला जाडजूड साखळी होती, वर कुलूप. पुढचा जिना शाळेच्या स्वयंपाकघराशेजारून उतरायचा. गेल्या वर्षी तिथे कढईतलं तेल पेटलं, तेव्हा धुरातून सगळी मुलं या मागच्याच दारानं बाहेर पडली होती.

ती तडक मोठ्या बाईंकडे गेली.

"त्या गोळीबारानंतर कुलपाची मागणी पालकांनीच केली," बाई म्हणाल्या. "किल्ली माझ्या कपाटात असते."

"आणि आग लागली तर?"

"अहो, आग काय रोज लागते?"

"गोळीबार तरी रोज होतो का, बाई?"

बाईंनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "पालकसभेत मांडा."

सभा होईपर्यंत ताई रोज दुकानात जाण्याआधी बाईंच्या खोलीत डोकावायची. "साखळी आहेच का अजून?" एवढंच विचारायची. शिपाई तिला लांबून पाहूनच म्हणायला लागला, "आहे, ताई, आहे!"

सभेत ताईनं साखळी काढायचं म्हटल्यावर सगळ्यात आधी उठला तो तिच्याबरोबर आलेला तिचा भाऊच.

"दार मोकळं सोडायचं? आणि कोणी आत घुसलं तर?"

"मोकळं नको. बाहेरून बंदच राहू दे. आतून ढकललं की उघडेल असा दांडा बसवा."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते रे. रात्री दचकून उठते मी. पण ज्याची भीती वाटते ते, आणि जे इथे खरंच घडून गेलंय ते, दोन्हींचा विचार करायला नको? आपण पोरांना कोंडून ठेवलंय रे."

मामा उठून वर गेला. साखळीला हिसडे दिल्याचा आवाज खाली सभेपर्यंत ऐकू आला. परत आला तेव्हा चेहरा उतरला होता.

"बाई, किल्ली द्या," तो म्हणाला. "आजच काढू. दांडा बसेपर्यंत शाळेच्या वेळात तिथे पालकांनी पाळीपाळीनं बसायचं. पहिली पाळी माझी."

कुरकुर झाली, पण हात वर झाले.

दांडा बसला त्या आठवड्यात बाईंनी मुलांना न सांगता सरावासाठी आगीची घंटा वाजवली. ताई मागच्या अंगणात उभी होती. दार धाडकन उघडलं आणि एकमेकांचे हात धरून पोरं खाली उतरली. चिमणी मधेच कुठेतरी होती, शेजारच्या मुलीला "ढकलू नको गं" म्हणून दटावत. शेवटचं मूल उतरेपर्यंत ताई डोकी मोजत होती.

मग ती बाईंकडे वळली.

"छान झालं. आता खालच्या मजल्यावरच्या वर्गांचं दार बघू या. तेही आतून जड जातं म्हणे."

बाईंनी पदर खोचला. "चला."