कोरडी नळी

ओढा ओलांडताना लोण्या घसरला तो घसरलाच, वर बंदुकीचं तोंड चिखलात खुपसून बसला. गुडघा फुटून पायजमा लाल झाला होता, पण त्याचं कोणाला काय! बाप काठावरून ओरडला, "माणूस वाळतो रे, बंदूक गंजते! आधी तिला उचल!"

लोण्या हे त्याचं खरं नाव नव्हे. बापाने ठेवलेलं. छत्तीस वर्षांचा माणूस, पोस्टाच्या खिडकीमागे बसून लोकांची पार्सलं तोलायचा. रस्त्यात मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जायचा. बाप म्हणायचा, "ऊन लागलं की वितळतो. माझ्या पोटी लोणी आलं."

त्याची थोरली बहीण तंबूपुढच्या चुलीपाशी लाकडं रचत होती. तिने हात पुढे केला. लोण्याने बंदूक दिली आणि हळूच म्हणाला, "सॉरी ताई. तुझं काम वाढवलं."

"माझं कधी कमी होतं?" ती म्हणाली.

खरंच होतं ते. बाराव्या वर्षापासून बंदूक पुसायची ती, आणि खांद्यावर टाकून मिरवायचा तो. दर वर्षी तिघं याच माळावर तंबू ठोकायची. परवान्यावर एकच हरीण मिळायचं, आणि ते आजवर बापानेच मारलं होतं. आता मात्र बापाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टरने परवान्याच्या कागदावर सही करायला साफ नकार दिला. महिनाअखेरीपर्यंत बंदूक आणि परवाना, दोन्ही, मुलांपैकी एकाच्या नावावर करायचं, नाहीतर सरकारजमा. आज दुपारी तंबूचा खुंटा ठोकता ठोकता बापाने निकाल सांगून टाकला होता.

"उद्या लोण्या मारेल. एका गोळीत जनावर जागच्या जागी पडलं, तर बंदूक त्याची. नाही पडलं, तर थोरलीची. मागून कुरकुर ऐकून घेणार नाही."

"आधी मी का नाही?" थोरलीने विचारलं होतं.

"मुलगा आहे. पहिला घास त्याचा." एवढंच. जणू आज हवा बरी आहे, असं सांगावं तसं.

शिलाईच्या कारखान्यात थोरली दीडशे मशिनी सांभाळायची. कुठलं चाक कुठे अडतं, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. माळावर डबे मांडून नेम धरला, तर दहातले नऊ डबे उडवायची. पण डबे म्हणजे हरीण नव्हे, असं बाप म्हणायचा, आणि हरणावर बंदूक धरायला तिला कधी द्यायचा नाही. सोळा-सतरा वर्षांची असताना ती या गोष्टीवरून रडली होती. पुढे रडणं थांबलं. पण आतलं गेलं नाही. ते मुरत राहिलं.

तिने ताडपत्री अंथरली. आधी बंदुकीच्या मागचा सरकता बोल्ट काढून, आत काडतूस नाही हे डोळ्याने पाहिलं, मग करंगळी घालून चाचपलं. चिखल तसाच ठेवून कोणी चाप ओढला असता, तर नळी फुटून तोंडावर आली असती. मग तिने नळी पुसायचा गज घेतला. गज नेहमी मागून घालायचा. तोंडाकडून घातला तर तोंडाची कड झिजते, आणि कड झिजली की गोळी वाट सोडते. गजाच्या टोकाला चिंधी, चिंधीवर काजळी काढायचं औषध. एक फेरी, दुसरी, तिसरी. चिखल निघाला, मग काळं, मग करडं. चिंध्या टिनाच्या डबीत पडत गेल्या. सातवी पांढरी आली. शेवटी तेलाचा हलका हात. रात्रभर दव पडतं, नळीला तेल हवंच. पण सकाळी, निघायच्या आधी, दोन कोऱ्या चिंध्या फिरवून ते तेल पुसायचं असतं. नळीत तेल राहिलं की पहिली गोळी वर उडते. दीडशे पावलांवर चार बोटं.

या घरात एक रीत होती. पुसणाऱ्याने बंदूक हातात देताना एकच शब्द बोलायचा, "कोरडी". तो शब्द ऐकला की घेणाऱ्याने नळीत डोकावायचं नाही. पुसणाऱ्यावर अविश्वास दाखवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, असं बाप म्हणायचा.

सकाळी धुकं होतं. लोण्या लंगडत चहा घेऊन आला आणि कप तिच्या हातात दिला. "ताई, झोप लागली? मला तर नाही. खरं सांगू, मारावंसंच वाटत नाही."

"मग मारू नको."

"बाबा आयुष्यभर बोलतील."

"तसेही बोलतातच."

तो हसला. ती ताडपत्रीवर बसली. समोर कोऱ्या चिंध्यांचं पुडकं होतं, शेजारी गज. तिने पुडकं उचललं, हातात धरलं आणि परत ठेवलं. तिने काही केलं नाही. पाप म्हटलं की आपल्याला वाटतं, काहीतरी करावं लागतं. तिने फक्त बसून चहा संपवला. मग बोल्ट बसवला आणि बंदूक भावापुढे धरली.

"कोरडी," ती म्हणाली.

"देव तुझं भलं करो," लोण्या म्हणाला, आणि त्याने नळीत डोकावलंही नाही.

मध्ये बापाने हात पुढे केला. "आण इकडे." बंदूक घेतली, वजन तोलल्यासारखी दोनदा वरखाली केली, नळीचं तोंड क्षणभर नाकाजवळ नेलं आणि मुलाच्या हातात ठेवली. "चल. आणि मानेतच मार. खांद्यात मारून मांस नासवू नको. बोट चापावर ठेव, थरथरायला घरी भरपूर वेळ आहे."

हरीण टेकाडाच्या कुशीत चरत होतं. मोठा नर. त्याने मान वर काढली. लोण्या पालथा पडला, श्वास रोखला. थोरलीला त्याच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. नेम उत्तम होता. तिनेच शिकवला होता त्याला.

गोळी सुटली. हरणाने मान वर झटकली, आणि त्याच्या तोंडाखालचा भाग लोंबायला लागला. खालचा जबडा उडाला होता. ते धडपडलं, पडलं, उठलं आणि झुडपांत शिरलं.

"काय झालं?" बापाने विचारलं. त्याला तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं.

"जबडा," थोरली म्हणाली.

लोण्या उठून धावायला लागला. बापाने त्याचा शर्ट मागून धरला. "बस खाली! जखमी जनावराच्या मागे लगेच धावायचं नसतं. ते दहा टेकड्या पार जाईल. बसू दे, थकू दे त्याला."

"बाबा, त्याला दुखत असेल."

"दुखायलाच मारलंस ना? का ओवाळायला?" बापाने पिशवीतून भाकरी काढली आणि चवीने चावत राहिला. लोण्याने गुडघ्यांत तोंड घातलं. थोरली समोर बघत राहिली. पापणीही हलवली नाही तिने. तिच्या मनात एकच गोष्ट होती, बंदूक आता माझी. मग त्या झुडपांतून एक आवाज आला, घोगरा, ओला. हरणाचा तसा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. बापाने दुसरी भाकरी काढली.

तासाभराने ती रक्ताच्या मागावर निघाली. बापाने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, मागे लोण्या. हरीण ओढ्यावर सापडलं. उभं होतं. पाण्यात तोंड घालायचं आणि वर काढायचं. पाणी पडून जायचं, घशात काही उतरायचं नाही. पुन्हा घालायचं. माणसं आल्याचं त्याला कळलं, तरी ते हललं नाही. तहान भीतीपेक्षा मोठी असते.

लोण्याने बंदूक बहिणीकडे सरकवली. "ताई, तू. माझ्याने नाही होणार."

तिने गोळी घातली. आता नळी कोरडी होती, पहिल्या गोळीनेच कोरडी केली होती तिला. हरीण जागच्या जागी पडलं.

बाप पाण्याच्या काठावर उकिडवा बसला. "थोरले, सकाळी किती चिंध्या फिरवल्यास?"

"दोन."

"दाखव. चिंध्यांची डबी तुझ्याच खिशात असते."

तिचा हात खिशाकडे गेला नाही.

"डोळे गेले माझे. नाक नाही गेलं. तोंडाशी तेलाचा वास येत होता."

लोण्याने बापाकडे पाहिलं. "तुम्हाला सकाळीच माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर कळलं काय असतं?" बापाचा आवाज एकदम मायाळू झाला. मुलांच्या लहानपणी कधी मायेने बोलला असेल तर असाच. "मला दोघांचं बघायचं होतं. नेम चुकला तर तू काय करतोस, आणि ही खोटं कुठवर धरून ठेवते. तू रडलास. ही पापणी न हलवता तासभर बसली. शिकार अशीच माणसं करतात. बंदूक हिची. उद्या कागद करू."

हेच हवं होतं तिला. पंचवीस वर्षं हेच. तिने हात पुढे केला नाही, बंदूक तिच्याच हातात होती.

"ताई," लोण्या म्हणाला. रागावून नाही. खिडकीवर पार्सल घ्यायला आलेल्याला पत्ता विचारावा तसा. "वरून तेल घातलं होतंस?"

"नाही. रात्रीचंच होतं."

"म्हणजे तू काही केलंच नाहीस."

"नाही."

त्याने मान डोलावली. वाकून हरणाचे पाय बांधले, पाठीवर घेतलं. त्याच्या फुटक्या गुडघ्यातून पुन्हा रक्त यायला लागलं. बाप ओळखीच्या वाटेने काठी टेकत पुढे निघून गेला होता, कसलीतरी चाल गुणगुणत. वाट अरुंद होती, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. थोरलीने बंदूक खांद्यावर टाकली आणि भावाला वाट द्यायला बाजूला झाली.

"जा ना," ती म्हणाली. "ओझं आहे तुझ्यावर."

तो तिच्या खांद्यावरच्या बंदुकीकडे बघत तिथेच थांबला. हरणाची मान त्याच्या खांद्यावरून लोंबत होती.

"नको ताई," तो म्हणाला. "तू पुढे हो. मला दिसत राहा."