दोन ब्रेकांची गाडी

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो, आणि मला ब्रेक दोन आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या. तुमच्या घरच्या गाडीला असा दुसरा ब्रेक नसेल. मी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. ज्यांना गाडी चालवता येत नाही तेच मला चालवतात, त्यामुळे माझ्या नशिबी सुखाचा प्रवास कमी आणि गचकेच जास्त.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. माझ्या बरोबरीच्या गाड्या कुणाच्या दारात गेल्या, कुणाच्या ऑफिसात गेल्या. मला मात्र आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक बसवला, टपावर पाटी चढवली आणि बाईंच्या हवाली केले. बाई म्हणजे माझी मालकीण आणि शिकवणारीही. शिकायला येणारा विशीतला असो की साठीचा, सगळे त्यांना बाईच म्हणत.

बाईंचा आवाज कधी चढला नाही. "क्लच हळू सोडा. अजून हळू. घरात बाळ निजलंय आणि तुम्ही दार लोटताय असं समजा," असे त्या सांगत. कुणी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला, कुणी वळणावर डोळेच मिटून घेतले. बाईंचा पाय दुसऱ्या ब्रेकवर गेला नाही असा दिवस नव्हता. माझ्या तीन क्लचप्लेट झिजल्या, पण कुणाला खरचटले नाही. परीक्षा पास झालेले लोक पेढे बाईंना देत आणि जाताना माझ्या बॉनेटवर थोपटून जात. मला त्यात पेढ्याहून जास्त मिळे.

बाईंच्या घरात तिघेच. बाई, त्यांच्या सासूबाई आणि यजमान. सासूबाईंना सगळी गल्ली आजी म्हणे. यजमानांचे चष्म्याचे दुकान होते. दिवसभर काचा घासून ते लोकांना जग स्वच्छ दाखवत, पण स्वतः गाडी चालवायला घाबरत. लग्नानंतर लायसन्स काढले, आठव्या दिवशी एका कुंपणाच्या भिंतीवर गाडी घातली आणि तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नाही. "साऱ्या गावाला शिकवलं, घरचं गिऱ्हाईक तेवढं हातचं गेलं," असे बाई हसून म्हणत.

मित्रांनो, पुढची गोष्ट सांगताना आजही माझे इंजिन अडखळते.

एका सकाळी बाईंनी सीटचा पट्टा ओढला आणि हात तिथेच थांबला. डाव्या छातीवर, काखेच्या जरा अलीकडे, त्यांनी दोन बोटांनी दाबून पाहिले. पुन्हा दाबून पाहिले. तेवढ्यात शिकायला येणाऱ्या बँकेतल्या मॅडम दार उघडून आत बसल्या. "चला, आधी आरसा नीट करा," बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी स्वतः एकदाही आरशात पाहिले नाही.

त्यानंतर त्यांना एक सवय लागली. पट्टा लावला की तो अंगठ्याने छातीपासून थोडा दूर धरून ठेवायच्या. सिग्नलला थांबलो की त्यांचा हात नकळत तिकडे जायचा, आणि कुणी पाहिलेसे वाटले की मागे यायचा. असे आठवडे गेले, महिने गेले. मला सगळे कळत होते. पण हॉर्न आपला आपण वाजत नाही. कुणीतरी दाबावा लागतो.

तो आजींनी दाबला. त्या दिवशी बाई त्यांना कवळीचे माप द्यायला दातांच्या डॉक्टरांकडे नेत होत्या. आजी शेजारी बसल्या होत्या. चार चौक त्या बाईंच्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काय खुपतंय?"

"काही नाही. पट्टा घट्ट झालाय."

"घट्ट झाला तर सैल करतात. तू अंगठ्याने धरून बसतेस. मागच्या आठवड्यातही धरला होतास."

बाईंनी गिअर बदलला. "गाठ आहे एक, आई. लहान आहे. दुखत नाही."

"कधीपासून?"

"तीन महिने झाले असतील."

"गाडी जरा वेगळी कुरकुरली की त्याच दिवशी गॅरेजला नेतेस. आणि स्वतःला तीन महिने ताटकळत ठेवलंस?"

"अहो, दुखत नाही ना. आणि या महिन्यात पाच जणांच्या परीक्षा आहेत."

"माझ्या थोरल्या बहिणीचीही दुखत नव्हती," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "लाजेपायी कुणाला बोलली नाही. बोलली तेव्हा कुणाच्या हातात काही उरलं नव्हतं. वळव गाडी."

"तुमच्या कवळीचं काय?"

"दात नाहीत म्हणून मी काही मरत नाही. वळव म्हणते ना."

बाईंनी मला वळवले. इंडिकेटर न देता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

हॉस्पिटलच्या आत काय झाले ते मी पाहिलेले नाही. मी बाहेर आवारात उभी असायचे. तुम्हाला सांगते ते माझ्यात बसून ही माणसे जे बोलली तेवढेच. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईने गाठीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार होता.

ते आठ दिवस कसे गेले विचारू नका. बाई रोज शिकवत होत्या, पण 'उजवीकडे' म्हणून डावा हात दाखवत होत्या. आजी फाटकापाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि मी आत शिरले की आधी बाईंचा चेहरा बघायच्या. यजमान दुकानात जाण्याआधी माझ्या काचा पुसत. चष्मा पुसतात तशा, तोंडाची वाफ देऊन, मऊ फडक्याने. स्वच्छ झालेली काच ते पुन्हा पुसत. त्यांना दुसरे काय करावे हे सुचत नव्हते.

आठव्या दिवशी दोघे हॉस्पिटलमधून बाहेर आले आणि माझ्यात बसले. बाईंनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"डॉक्टर काय म्हणाल्या ते परत सांगा," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं सगळं, पण डोक्यात काही शिरलं नाही."

यजमानांनी हातातला कागद उलगडला. "कॅन्सर आहे. गाठ दोन सेंटिमीटरच्या वर आहे. शेजारी आणखी एका जागी बारीक ठिपके दिसलेत, म्हणून नुसती गाठ काढून भागणार नाही. पूर्ण स्तन काढावा लागेल. आजार पसरलाय का ते बघायला काखेतल्या गाठीही तपासणार."

"उशीर झाला असं म्हणाल्या का?"

"नाही म्हणाल्या."

"वेळेवर आलात, असं?"

यजमानांनी कागदाची घडी घातली. "तसंही नाही म्हणाल्या."

बाईंनी मला चालू केले. सगळे नियम पाळून त्या चालवत होत्या. पण मोठ्या चौकात सिग्नल हिरवा झाला आणि आम्ही उभेच. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. बाई समोर बघत होत्या आणि त्यांना काही दिसत नव्हते. यजमानांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "हिरवा झाला गं," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान खाली आले ते थेट चालवण्याच्या बाजूला येऊन बसले. बाई फाटकाशी उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"मला शिकव. ऑपरेशनला बारा दिवस आहेत. नंतर तुला महिना दोन महिने चालवता येणार नाही. तुला न्यायचं-आणायचं कुणी?"

"टॅक्सी असतात."

"टॅक्सीवाला तुझ्यासाठी खड्डा चुकवेल का?"

मित्रांनो, मी शेकडो नवशिके पाहिले, पण या माणसाइतका घाबरट कुणी पाहिला नाही. रिकाम्या मैदानात मी पहिल्या दिवशी सतरा वेळा बंद पडले. "अहो, तुम्ही क्लच सोडताय की प्राण सोडताय?" बाई म्हणाल्या, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच दोघे हसले. पण हसणे लगेच विरायचे. नवव्या दिवशी यजमान मला मागे घेत होते. बाई मान वळवून मागची काच बघत होत्या. तशाच मान वळवलेल्या म्हणाल्या, "मी त्यातून उठलेच नाही तर?"

मी बंद पडले.

"मला मागे घ्यायला अजून जमत नाही," यजमान म्हणाले. "ते शिकवायचं राहिलंय तुझं." ही थट्टा नव्हती. त्यांना तेवढेच बोलता आले. बाईंनी पदर तोंडाला लावला. मैदानात दुसरे कुणी नव्हते ते बरे झाले.

ऑपरेशनच्या दिवशी मला यजमानांनी चालवले. बाई शेजारी, आजी मागे. बाईंचा पाय दुसऱ्या ब्रेकवर अलगद टेकलेला होता. वाटेत एकदा तो दाबला गेला.

आजींच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता, म्हणून त्या माझ्यातच बसून राहिल्या. दहा वाजता बाईंना आत नेले. दोन तास लागतील असे सांगितले होते. बारा वाजले. साडेबारा वाजले. ऊन माझ्या टपावर आले. आजींनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. एक वाजता यजमान खाली आले. "काही कळलं नाही अजून," म्हणून शेजारी बसले.

"इथे काय बसतोस? वर जा."

"वर बसवत नाही आणि खाली बसवत नाही, आई."

ते पुन्हा वर गेले. दोन वाजले. दरवाजातून माणसे येत होती, जात होती. पांढऱ्या कपड्यातले कुणी दिसले की आजी काचेला हात लावायच्या. अडीचला यजमान बाहेर आले. ते इतके सावकाश चालत होते की आजींनी डोळेच मिटून घेतले.

"बाहेर आणलं तिला," ते दाराशी वाकून म्हणाले. "काखेतल्या दोन गाठींत सापडलं. म्हणून तिथलं जास्त काढावं लागलं. त्यात वेळ गेला."

"बोलली का?"

"गाडी सावलीत लावली का, असं विचारलं."

"लावलीस?"

"नाही."

"मग लाव ना," आजी म्हणाल्या आणि पहिल्यांदा रडल्या.

सावलीची जागा दोन गाड्यांच्या मध्ये होती. यजमानांनी तीन खेपा घालून मला मागे घेतले. शेजारी कुणी नव्हते, दुसऱ्या ब्रेकवर कुणाचा पाय नव्हता. मला लावून झाल्यावर ते बराच वेळ स्टिअरिंगवर डोके टेकून बसले.

बाईंना घरी आणताना त्यांच्या कुशीतून जखमेतले पाणी काढणारी एक नळी निघत होती आणि तिच्या टोकाला बाटली होती. आजींनी जुन्या मऊ कापडाची उशी शिवून आणली होती. ती पट्ट्याखाली ठेवली म्हणजे टाके दुखायचे नाहीत. यजमानांनी एवढ्या हळू चालवले की सायकलवाले पुढे गेले. खड्डा आला की तिघेही श्वास रोखायचे. मीही माझे स्प्रिंग शक्य तेवढे आवरून धरले.

मग केमो सुरू झाली. आठ वेळा. माझ्यावरची पाटी काढून कोठीत ठेवली गेली. दोन खेपांच्या मध्ये मी फाटकाशी नुसती उभी. अंगावर धूळ चढली, एक टायर बसला, बॅटरी उतरली. यजमानांचे काचा पुसणे सुटले, कारण त्यांचे दोन्ही हात घरात गुंतले होते. जाताना बाई मागे बसत, डोक्याला रुमाल बांधून, कुणी ओळखू नये म्हणून खाली बघत. एकदा त्या आजींना म्हणाल्या, "एक बाजू रिकामी लागते. आरशासमोर उभंच राहवत नाही."

आजींनी तोंडातली नवी कवळी काढून हातात धरली. "माझे बत्तीसच्या बत्तीस गेले," त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "अजून सगळे ओळखतात मला."

बाई पाहत राहिल्या. मग हसल्या. हसता हसता टाक्यांच्या जागी हात धरावा लागला इतक्या हसल्या.

ऑपरेशनच्या बाजूचा हात मात्र लवकर वर येईना. त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, रक्तदाब मोजू द्यायचा नाही, जड उचलायचे नाही. भिंतीवर बोटे चालवत रोज जराशी वर न्यायची. यजमान पेन्सिलीने भिंतीवर खूण करत. वर्ष होत आले तेव्हा बाई एका सकाळी खाली आल्या. नवी बॅटरी बसली होती, टायरमध्ये हवा होती. त्यांनी डाव्या हाताने गिअर टाकला. हात दुखला हे मला मुठीवरून कळले. पण गिअर पडला. पुढच्या आठवड्यात पाटी परत टपावर चढली.

सगळे संपले असे मी सांगणार नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. ती जवळ आली की घरात बोलणे कमी होते. आजी विनाकारण फाटक उघडतात, लावतात. उद्या सकाळी नऊची वेळ आहे. काय निघेल मला माहीत नाही, त्यांनाही नाही. भीती आमच्या घरातून गेलेली नाही. ती आता चौघांनी वाटून घेतली आहे, मी धरून.

मित्रांनो, मी जुनी झाले. माझे सुटे भाग अजून बाजारात मिळतात. माणसाचे मिळत नाहीत. म्हणून एवढेच मागते. आज घरी गेलात की आईला, मावशीला, आत्याला, आजीला विचारा, "तू स्वतःला तपासलंस का? डॉक्टरांना दाखवलंस का?" त्या म्हणतील, वेळ नाही. म्हणतील, दुखत नाही. म्हणतील, तू अभ्यास कर. तेव्हा ऐकू नका, हट्ट धरा. हट्ट कसा धरायचा हे तुम्हाला शिकवायला कुठल्याच स्कूलची गरज नाही.