दहा बोटांचे मिस्त्री

फळीवर पेन्सिलची रेघ एकच होती, पण मिस्त्रींना दोन दिसू लागल्या. त्यांनी डोळे मिचकावले, मान झटकली. तेवढ्यात फळी ढकलायची काठी हातातून निसटली आणि करवतीनं तिचं टोक उडवलं. अंगठा तिथून दोन इंचांवर होता. मिस्त्रींनी बटण दाबलं.

"वीज गेली का हो?" आतून मालकांनी विचारलं.

"नाही. मशीन मी बंद केलं."

कारखान्यातले सगळे माना वर करून बघायला लागले. या धंद्यात म्हातारपणापर्यंत दहाही बोटं टिकलेला माणूस विरळाच. खुद्द मालकांच्या उजव्या हाताला तीनच होती. म्हणूनच तर सुट्टी झाली की प्रत्येकानं मालकांना हात दाखवूनच घरी जायचं, अशी इथली रीत होती. मिस्त्री एकतीस वर्षं दहा बोटं दाखवत होते, तेही रांगेत सगळ्यांच्या पुढे. तोरा तर विचारूच नका!

दोन दिवस भुश्यानं शिंकून शिंकून त्यांचा जीव नकोसा झाला होता. सकाळी बायकोनं आपल्या खाजेच्या गोळ्यांतली एक काढून दिली आणि पाकीट त्यांच्या खिशात घातलं. "अहो, घ्या हो, एवढीशी तर आहे!" फरक पडेना म्हणून अकराला दुसरी. आणि जेवणानंतर पॉलिशवाल्याकडचं सर्दीचं औषध, दोन झाकणं.

"उद्या सकाळी दारं न्यायला गाडी येतेय," मालक तडकले, "आणि तुम्हाला झोप येतेय?"

"येतेय, मालक."

"गोळीनंच आडवे झाले की मिस्त्री!" पॉलिशवाला खिदळला. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालकांनी पाकीट आणि बाटली घेतली आणि त्यांना हाताला धरून समोरच्या औषधांच्या दुकानात नेलं. तिथल्या बाईंनी पाकीट वाचलं, बाटली वाचली.

"काका, गोळीत आहे तेच औषध बाटलीतही आहे. एकच औषध तीनदा घेतलंत! आणि हे झोप आणणारं. आज मशीन नाही, गाडी नाही, घरीसुद्धा एकट्यानं जायचं नाही. आत्ताच डॉक्टरांना फोन लावते. कमी झोप आणणारी गोळी मिळते, पण तीही त्यांना विचारून, आणि पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी. दुसऱ्याच्या पाकिटातली तर कधीच नाही."

डॉक्टरांनी फोनवर चार प्रश्न विचारले आणि नजरेसमोर बसवून ठेवा, म्हणाले. परत आल्यावर मालकांनी मिस्त्रींना आपल्याच खुर्चीत बसवलं. आता बोलणी खायची, अशा तयारीनं मिस्त्री खाली बघत राहिले.

"माझी बोटं मशीनचा पट्टा तुटून गेली, असं मी सांगतो ना सगळ्यांना?"

"हो."

"पट्टा धडधाकट होता. असंच सर्दीचं काहीतरी घेतलं होतं. डुलकी येतेय हे कळत होतं हो मला. पण चालू मशीन बंद करायची लाज वाटली."

मालकांनी फोन उचलला आणि गाडी परवावर ढकलली.

सहाला रांग लागली. मिस्त्री आज सगळ्यांत शेवटी उभे होते. त्यांना न्यायला आलेली बायको दाराशी थांबली होती, पदराचं टोक चुरगाळत. मालक एरवी हातांवर नुसती नजर टाकायचे. आज त्यांनी मिस्त्रींचे हात हातात घेतले आणि आपल्या तीन बोटांनी एकेक बोट चाचपून मोजलं.

"दहा," ते म्हणाले, आणि तरी बराच वेळ त्यांनी हात सोडले नाहीत.